स्टेशनापुढचा रस्ता

साहेब लोक बाहेरगावी गेले की त्याला दौरा म्हणतात. कारकून गेला की ‘जरा पुण्याला जाऊन या’ म्हणतात. दौऱ्याला गाडी असते, विश्रामगृहात खोली राखून ठेवलेली असते, रात्रीच्या जेवणाची कोणीतरी विचारपूस केलेली असते. जाऊन येणाऱ्याच्या हातात एक फाईल देतात आणि ‘आजच्या आज पोच घेऊन या’ एवढे सांगतात. असे जाऊन येणारे आम्ही लोक वळसंगात आहोत, कुंभारीत आहोत, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या बहुतेक गावांत आहोत. कोणी कचेरीच्या टपालासाठी जातो, कोणी मुलाच्या जात पडताळणीच्या कागदासाठी, कोणी चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन पुण्या-मुंबईच्या दुकानांत फिरतो. काम निरनिराळे असले तरी परतीची रात्र सगळ्यांची सारखीच. त्या रात्रीविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचे तर हुतात्मा एक्सप्रेस सोयीची. ती सोलापुराहून सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते. म्हणजे वळसंगच्या माणसाने पहाटे चारला उठले पाहिजे, आणि त्याची भाकरी करणाऱ्या माउलीने साडेतीनला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही आमच्या भागाची खरी प्रवासी शिदोरी. आंबत नाही, सांडत नाही, मांडीवर फडके पसरून खाता येते. पुण्यात दुपारच्या एका थाळीला जे मोजावे लागते त्यात घरचा दोन दिवसांचा भाजीबाजार होतो, म्हणून शिदोरी सोडवत नाही. पुण्यातल्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साहेब मीटिंगमध्ये असतात, मग जेवायला जातात, मग पुन्हा मीटिंगमध्ये असतात. साडेचारला पोच मिळते आणि सहाच्या गाडीसाठी धावत स्टेशन गाठावे लागते.

या गाडीचे नाव ज्यांच्यावरून पडले ते सोलापूरचे चार हुतात्मे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चार नावे नुसती वाचली तरी सोलापूर किती जातीधर्मांचे शहर आहे ते कळते. आणि त्याच गाडीत दौंड मागे पडले की समोरच्या बाकावरचे गृहस्थ बोलायला लागतात.

“कुठले आपण?”

“वळसंगचे.”

“वळसंग म्हणजे अक्कलकोट रोडचं ना? आमचे पाहुणे आहेत तिथं. गावात कुठं राहता?”

“गावातच.”

“तसं नव्हं. आडनाव काय आपलं?”

प्रश्न साधा आहे, विचारणाराही वाईट माणूस असतोच असे नाही. पण आडनाव सांगितल्यावर मघाशी पुढे केलेला चिवड्याचा पुडा कधी कधी हळूच पिशवीत परत जातो, आणि पुढचे शंभर किलोमीटर ते गृहस्थ डोळे मिटून बसतात. कधी जात नाही, हेही लिहिले पाहिजे. पुडाही राहतो आणि गप्पाही चालतात. असे सहप्रवासी आम्हांला पुष्कळ भेटले आहेत. त्रास पुड्याचा नाही. दिवसभर थकून आल्यावर, आडनाव सांगताना समोरच्याचा चेहरा वाचत बसावे लागते, त्याचा शीण येतो. डब्यातल्या इतर कोणाला हे ज्यादा काम करावे लागत नाही.

तरीही रेल्वेच्या डब्यात एक गोष्ट पक्की असते. तिकिटावर जागेचा नंबर आहे, त्या जागेवरून कोणी उठवू शकत नाही. गाडी दहाच्या सुमारास सोलापुरात येते. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारतही सुरू झाली, ती साडेदहानंतर येते. तिचे भाडे आमच्या टीए बिलात बसणारे नाही, तो भाग वेगळा. मुंबईचे काम असेल तर आम्हांला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी. ती सकाळी उतरवते, आणि सकाळी रस्ता जागा असतो.

खरी कटकट रात्री दहाला सोलापूर स्टेशनाच्या बाहेर पाय ठेवला की सुरू होते. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर चार तासांत कापलेले असते. सोलापूर ते वळसंग वीस-पंचवीस किलोमीटर. पण या वीस-पंचवीस किलोमीटरला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. स्टेशनापासून एस.टी. स्टँड चालत वीस-पंचवीस मिनिटे. एवढ्यासाठी रिक्षा करायला जीव होत नाही आणि चालत जावे तर गाडी निघून जाण्याची धास्ती. रेल्वेचे वेळापत्रक करणारा आणि बसचे वेळापत्रक करणारा या दोन माणसांची आयुष्यात कधी भेट झालेली नसावी. स्टँडवर पोचावे तो अक्कलकोटकडची शेवटची गाडी नुकतीच हललेली असते. मग वडाप. वडापवाला भरल्याशिवाय हलत नाही आणि रात्री साडेदहाला भरणार कशी? सात जण झाले, आणखी चार पाहिजेत. अर्ध्या तासाने दोन येतात, तोवर आधीच्यांतले तिघे कंटाळून उठून गेलेले असतात. शेवटी चौघे मिळून रिक्षा ठरवायची, तो सांगेल ते भाडे द्यायचे आणि कुंभारी ओलांडेपर्यंत थंडीत एकमेकांना चिकटून बसायचे.

वळसंगजवळच्या टोलनाक्याचे दिवे लांबून दिसले की जरा धीर येतो. फाट्यावर उतरले की पुढचा रस्ता पायी. कुत्री भुंकतात, मोबाईलची बॅटरी संपलेली असते. घरी आई जागी असते. तिला जेवलो म्हणून सांगावे लागते, मग ते खरे असो की नसो. साडेबारा वाजलेले असतात आणि सकाळी दहाला मस्टरवर सही करायची असते.

आणि आठ दिवसांनी टीए बिल परत येते. शेरा असतो, ‘रिक्षाभाड्याची पावती जोडलेली नाही.’ रात्री अकरा वाजता रिक्षावाल्याकडे पावती मागून पाहिलेल्या माणसाची आम्हांला एकदा भेट घ्यायची आहे. बी.कॉम.ला आम्ही जमाखर्च शिकलो, पण ही रक्कम कोणत्या खात्यात मांडावी ते त्या पुस्तकांत नव्हते. अखेर ती घरखर्चात जाते, म्हणजे दुधाच्या बिलातून.

पुरुषमाणसाची ही कटकट आहे. बाईमाणसाच्या बाबतीत तिला कटकट म्हणता येत नाही. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका मुलीने शहरातली नोकरी सोडली. घरात पहिली पदवीधर. पगार बरा होता, काम तिला आवडत होते. पण पाळी रात्री साडेनऊला सुटायची. वडील गवंडीकाम करणारे. ते रोज रात्री शेजाऱ्याची मोटारसायकल मागून फाट्यावर येऊन उभे राहत. सहा महिने राहिले. पावसाळ्यात एका रात्री ती साडेबारापर्यंत आली नाही, फोन लागेना. वडाप भरले नव्हते, एवढेच झाले होते. दुसऱ्या दिवशी आईने हंबरडा फोडला आणि नोकरी गेली. कोणी काढली नाही, तिनेच सोडली. गावात लोक म्हणाले, मुलीला झेपलं नाही. तिला काम झेपत होते. वीस-पंचवीस किलोमीटर झेपले नाहीत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. पण अर्धे तिकीट फाडायलाही गाडी उभी असावी लागते.

वाचकहो, हे सगळे लिहीत असताना आम्हांला परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या एका छोट्या पुस्तिकेची आठवण होते. त्यांनी स्वतःचे आणि समाजातल्या इतरांचे काही अनुभव इंग्रजीत लिहून ठेवले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने छापले. मराठीतही ते वाचावयास मिळते. पुष्कळ घरांत फोटोखालच्या फळीवर ही पुस्तिका आहे. प्रवास करणाऱ्या माणसाच्या नजरेने ती पुन्हा वाचावी, अशी आमची विनंती आहे. कारण त्यातले बाबासाहेबांचे स्वतःचे अनुभव बहुतेक सगळे प्रवासातले आहेत.

पहिला अनुभव १९०१ सालचा. सुभेदार रामजी त्या वेळी कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. साताऱ्याहून भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले अशी पोरे वडिलांना भेटायला निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीत बसायला मिळाल्याचा आनंद. मसूर स्टेशनवर संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरली. वडिलांना पत्रच पोचले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आलेले नव्हते. स्टेशन मास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण कोणी गाडीवान तयार होईना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही गाडी पोरांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. तीन तासांत पोचू म्हणाला होता. मध्यरात्र झाली तेव्हा ते नाकेदाराच्या झोपडीपाशी होते. सोबत खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी नव्हते. ओढ्याचे पाणी जनावरांच्या शेणामुताने घाण झालेले. गाडीवानाने शिकवले की मुसलमान आहोत म्हणून सांग. छोट्या भीमरावांनी उर्दूत पाणी मागितले, तरी नाकेदाराने दिले नाही. जेवण जवळ असून पोरे उपाशी, तहानलेली झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कोरेगाव आले.

चाळीसगावचा प्रसंग १९२९ चा. आता पोरवय नव्हते. बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. म्हणजे तोही कामाचाच दौरा. धुळ्याकडचे काम आटोपून परत येताना चाळीसगावच्या बांधवांनी आग्रह केला म्हणून ते तेथे उतरले. स्टेशनवर तासभर थांबावे लागले. का, ते त्यांना नंतर कळले. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतल्या माणसांना कमीपणाचे वाटले. तडजोड निघाली ती अशी की टांगेवाल्याने टांगा द्यायचा, पण हाकायचा नाही. वस्तीतला एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलाशी चाक अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. किती तरी दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले.

या दोन्ही हकिगतींत एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती येथे मांडतो. मसूरपर्यंत आगगाडीने पोरांना सुखरूप आणले. चाळीसगावपर्यंतही आणले. बडोद्याला १९१७ च्या सुमारास पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, मित्रांकडेही आसरा मिळाला नाही, तेव्हा संध्याकाळपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्री नऊच्या आगगाडीनेच मुंबईला आले. रेल्वे सरकारी होती म्हणून तिच्या मनात दया होती असे नव्हे. तिकीट काढले की जागा, एवढाच तिचा नियम होता आणि तेवढाच पुरेसा होता. संकट उभे राहिले ते स्टेशनाच्या फाटकाबाहेर. तेथे तिकीट संपले आणि गाडीवानाची मर्जी सुरू झाली. मसूरहून पुढचा रस्ता, चाळीसगाव स्टेशनापासून वस्तीपर्यंतचा रस्ता. मोजले तर अंतर थोडेच होते.

आमच्या वळसंगला हे वेगळे सांगायला नको. मसूरच्या रस्त्यावर ज्या पोराला कोणी पाणी दिले नाही, त्याच पोराने पुढे १९३७ साली वळसंगला येऊन आमच्या वाडवडिलांनी स्वतः खणलेल्या विहिरीचे पाणी काढले. ती विहीर आजही आहे. गावची विहीर मोकळी नव्हती म्हणून लोकांनी आपली खणली आणि तिचे पाणी काढायला बाबासाहेबांना बोलावले. त्यांचे शिक्षण किती झाले असेल, अर्ज लिहायला तरी कोणाला येत असेल का, असा विचार मनात येतो. पण जमीन कोठे आहे, पाणी कोठे लागेल आणि किती हात खणावे लागेल, एवढा हिशेब त्यांनी बरोबर केला.

विहीर खणता येते, रस्ता आणि गाडी मात्र एकट्या वस्तीला खणून काढता येत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या गाडीने काय दिले हे आमच्या आजोबांच्या पिढीला विचारायला हवे होते. मास्तर घंटी वाजवतो, तिकीट देतो, सुटे पैसे मागतो आणि पुढच्याकडे वळतो. आडनाव विचारत नाही. गाडीवानाच्या जागी पगारी ड्रायव्हर आला आणि दुप्पट भाड्याच्या जागी कोष्टकातले भाडे आले. खेड्यापाड्यांत मुक्कामी गाडी येऊ लागली. रात्री गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर तेथेच झोपायचे आणि पहाटे पहिल्या फेरीला निघायचे. मुक्कामी गाडीच्या जोरावर कितीतरी पोरे शहरात शिकून रात्री घरी परतली.

वडापवाले आमचे शत्रू नाहीत. त्यांच्यात आमच्या वस्तीतलीही पोरे आहेत, कर्ज काढून जीप घेतलेली. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेले ते याच पोरांनी. पण वडाप मर्जीवर चालते, हे त्यांनाही मान्य आहे. भरले तर निघेल, आवडेल त्याला पुढे बसवील, रात्री उशीर झाला की भाडे वाढवील. पुढच्या सीटवर कोण आणि मागच्या फळीवर कोण, हे ठरवताना आडनावाचा काही संबंध नसतो असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. मोटारसायकल घ्या, असे काही शहाणे सुचवतात. घेतली आहे ना, हप्ते चालू आहेत. पण अठ्ठावीस वर्षांचा मुलगा ती रात्री बाराला चौपदरी रस्त्याने एकटा चालवत येतो, तेव्हा आईला झोप लागते का, ते त्या शहाण्यांनी येऊन पाहावे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. रात्रीच्या गाड्या सोलापुरात आल्यावर, प्रवाशांना बाहेर पडायला वीस मिनिटे धरून, रेल्वे स्टेशनासमोरूनच कुंभारी, वळसंगमार्गे अक्कलकोटला जाणारी एक बस सुटावी. तिने रेल्वेची वाट पाहावी, घड्याळाची नव्हे. अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांनाही तिचा उपयोग आहे. कुंभारीला विडी कामगारांची हजारो घरकुले आहेत, त्यांतल्या बायाबापड्यांनाही आहे. ही मागणी एका वस्तीची नाही आणि ती तशी मांडूही नये. गावातल्या सर्व समाजांच्या सह्या असाव्यात. लिंगायत दुकानदार, मुसलमान भाजीवाले, धनगर बांधव, सगळ्यांनी त्या स्टँडवर रात्रीचा एकच थंड चहा प्यालेला आहे.

अर्जाबाबत दोन शब्द, कारण यात आमचा हात बसलेला आहे. ‘प्रवाशांची फार गैरसोय होते’ असे लिहिलेला अर्ज कोणतीही कचेरी फाईलला लावते आणि विसरते. आकडा लिहिलेला अर्ज फाईलला लावायला जरा जड जातो. म्हणून विहारातल्या गेल्या पौर्णिमेच्या बैठकीत ठरले आहे की सलग पंधरा रात्री दोघा-दोघांनी दहा ते बारा स्टेशनाबाहेर आणि स्टँडवर उभे राहायचे. अक्कलकोट रस्त्याला जाणारे किती प्रवासी उतरले, त्यांत बाया किती, कोण कशाने गेले, किती वेळ थांबले आणि भाडे काय दिले, हे वहीत लिहायचे. नावे लिहायची नाहीत, आडनावे तर नाहीतच. वहीला रकाने पाडून झाले आहेत. पहिल्या रात्रीसाठी त्या नोकरी सोडलेल्या मुलीच्या वडिलांनी आपण होऊन नाव दिले आहे. तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या रात्रीसाठी अजून माणसे हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे. येताना सोबत स्वेटर आणि शिदोरी आणावी.